मागच्या लॉनचं झाकण

आमच्या दादाला एक फोन करायचा नव्हता, म्हणून त्यानं घरामागचं अख्खं लॉन खणून काढलं. निदान बरेच दिवस मला तरी तसंच वाटत होतं. गल्लीतल्या लोकांना वाटत होतं की तो विहीर खणतोय. कुणी विचारलं की तो फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून हसायचा आणि म्हणायचा, "थोडं काम काढलंय." दादाच्या तोंडी 'थोडं' हा शब्द आला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलेलं आहे.

त्याचा स्वभावच तसा. वाईट बातमी त्याच्या जिभेवर कधी आलीच नाही. लहानपणी मी भिंतीवरून पडून गुडघा फोडून घेतला, तर यानं मला गॅरेजमध्ये बसवून स्वतःच पट्टी बांधली आणि आईला सांगितलं, ती पुस्तक वाचत बसलीय. आईला कळलं तेव्हा खपली धरली होती. "बरं झालं की सांगणारच होतो," असं त्याचं म्हणणं. बरं झाल्यावर सांगून काय उपयोग, हे त्याला आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पुढे तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागला आणि तिथेच निवृत्त झाला. गिऱ्हाइकानं विचारलं, "नंबर वाढला का हो?" तर हा म्हणायचा, "वाढला नाही, थोडा सरकलाय." लोक खूश होऊन जाड काचा नाकावर चढवून घरी जायचे. लग्न त्यानं केलं नाही. का केलं नाही ते विचारलं तर त्याचंही असंच काहीतरी 'थोडं' उत्तर मिळतं.

आम्ही तिघं. दादा मोठा, मी मधली आणि मग धाकटा. घरात मला सगळे मधलीच म्हणतात, धाकटा तेवढा ताई म्हणतो. मी शाळेत खेळाची बाई होते. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोरीला मी शिट्टीशिवाय थांबवू शकायचे, आणि नोकरी संपली तरी आवाज काही संपला नाही. माझं घर दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्याच्याकडे माझी रोज एक फेरी असते. तो म्हणतो मी भांडायला येते. मी म्हणते, भांडायला तरी कुणी येतंय हे नशीब समज.

घर बैठं. पुढे लॉनचा लहानसा पट्टा, मागे मात्र ऐसपैस. हे मागचं लॉन आईचं. संध्याकाळी ती रबरी पाइप ओढत कोपऱ्याकोपऱ्यानं पाणी घालायची, आणि शेवटी ओल्या गवतात अनवाणी पाय टाकून लोखंडी खुर्चीत बसायची. मग तिचं मनगट दुखायला लागलं. पाइप ओढवेना. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही, पण पाणी घालताना ती डावा हात वापरायला लागली आणि ते धाकट्याच्या लक्षात आलं. धाकटा कारखान्यात पाइप जोडणारा. तेव्हा तो याच गावात होता. त्यानं ठरवलं की स्प्रिंकलर बसवायचे, आणि दोघा भावांनी सुट्टीत मिळून ते काम केलं. चर खणले, पाइप टाकले, जिथे जिथे फवारा हवा तिथे तोटी उभी केली, गॅरेजच्या भिंतीवर टायमरची पेटी लावली. मी लिंबाचं सरबत करून देत होते आणि चर वाकडा गेला की सांगत होते. माझ्या सांगण्यामुळे किती चर सरळ झाले याची दोघांनीही कधी नोंद घेतली नाही.

तेव्हापासून कामाची वाटणी झाली, कुणी न करता. जमिनीच्या वरचं ते दादाचं, जमिनीच्या खालचं ते धाकट्याचं. ऋतू पालटला की दादा एकेक फवारा हातानं वर ओढायचा, त्याची टोपी फिरवून काढायचा, आतली जाळी वाटीभर पाण्यात धुवायचा आणि भोकात अडकलेला वाळूचा कण सुईनं टोकरून काढायचा. आयुष्यभर काचा घासलेला माणूस, त्याची नजर त्या भोकावरून हलायची नाही. तोटीभोवती वाढलेलं गवत तो कात्रीनं गोल कापायचा, नाहीतर पाणी गवतातच आपटून खाली पडतं आणि चार हातांवरचा तुकडा वाळत राहतो. फवारा किती अंशात फिरावा तेही तोच स्क्रूड्रायव्हरनं बसवायचा. भिंतीवर एक थेंब उडालेला त्याला चालायचा नाही. धाकटा मात्र पाइप, जोड, व्हॉल्व, वायरी यांचा. तो गुडघ्यावर बसून, हात कोपरापर्यंत पेटीत घालून, आकाशाकडे बघत काम करायचा. खालचं त्याला हातानंच दिसायचं.

आणि मग चाचणी. हे काम एकट्यानं होतच नाही. एकानं गॅरेजमध्ये टायमरपाशी उभं राहायचं, एकानं लॉनवर. दादा मागून ओरडायचा, "सोड!" धाकटा आतून ओरडायचा, "सोडलं!" जमिनीतून सगळे फवारे एकदम डोकं वर काढायचे, आणि दादा त्यांच्यामधून उड्या मारत, भिजत, एकेकाकडे बघत जायचा. "बंद!" "बंद केलं!" पुन्हा "सोड!" दोघं पन्नाशीकडे झुकलेले, पण आवाज असे की शेजारच्यांना वाटावं पोरं खेळतायत. पुढे कारखान्यानं धाकट्याला लांबच्या शहरात पाठवलं, त्याचा संसार तिकडे मांडला गेला, तरी ऋतू पालटला की तो या चाचणीसाठी यायचाच. त्याची बायको म्हणायची, माहेरपणाला मी जायचं की यांनी?

आता ते झाकण. मागच्या लॉनचा व्हॉल्व जमिनीत एका प्लॅस्टिकच्या पेटीत असतो आणि पेटीवर हिरवं झाकण असतं. ते गवताच्या पातळीत, पण जराशी कड वर. धाकटा अजून गावातच होता तेव्हाची गोष्ट, एके संध्याकाळी आईला त्या कडेची ठेच लागली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं पेटी उकरून चार बोटं खाली बसवली, वर माती पसरली आणि गवताचे तुकडे लावून टाकले. महिन्याभरात कुठे काय होतं त्याचा मागमूस राहिला नाही.

"अरे पण उद्या काही बिघडलं तर शोधायचं कसं?" मी विचारलं होतं.

"मी आहे ना," धाकटा म्हणाला.

"हा आहे ना," दादाही म्हणाला.

कुठे खूण नाही, खुंटी नाही. दुसऱ्या कुठल्या घरात असं कुणी करणार नाही. पण आमच्या घरात खालचं सगळं धाकट्याच्या डोक्यात असायचं आणि धाकटा कायम असणारच होता.

आई गेली ती फार आजारी न पडता. ताप आला, मग छातीत भरलं, मग दवाखाना. मी शाळेच्या संघाबरोबर सामन्यांना परगावी गेलेली. दादानं मला कळवलं नाही आणि धाकट्यालाही कळवलं नाही. बरी होतेय, बरी झाली की सांगू. आईनं दोनदा धाकट्याचं नाव काढलं, तर हा तिला म्हणाला, येतोय तो. शेवटी त्यानं फोन केला तेव्हा आम्हाला दोघांनाही नुसतं धावत यायचं उरलं होतं. मी आल्या आल्या दादावर इतकी ओरडले की माझा घसा बसला. मग त्याच्याच गळ्यात पडून रडले. माझं भांडण आवाजातच संपतं. धाकटा ओरडला नाही. सगळं आटोपल्यावर, निघायच्या दिवशी, तो मागच्या लॉनवर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "दादा, तुला माझा नंबर पाठ होता." बॅग उचलली आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. काही वर्षं झाली त्याला.

मी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं की मी काही पोस्टमन नाही. याचा निरोप त्याला, त्याचा निरोप याला, हे माझ्याच्यानं होणार नाही. ज्याला बोलायचं त्यानं तोंडानं बोलावं. दोघांनीही मान डोलावली आणि दोघांचीही तोंडं शिवल्यासारखी झाली. धाकटा दर रविवारी मला फोन करतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की जरा थांबतो आणि विचारतो, "गवत कसं आहे, ताई?" मी म्हणते, हिरवं आहे. "बरं," म्हणतो आणि फोन ठेवतो. दादा कसा आहे हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आणि इकडे दादा रविवारी दुपारी हमखास माझ्याकडे येऊन बसतो. पेपर उलटा धरतो. फोन झाला की म्हणतो, "कुणाचा होता?" जसं काही मला दर रविवारी दहा जणांचे फोन येतात!

यंदा उन्हं तापायला लागली आणि दादानं टायमर लावला, तर पुढचं लॉन सुरू झालं, मागचं झालंच नाही. त्यानं मला गॅरेजमध्ये उभं केलं. "सोड!" "सोडलं!" काही नाही. एक फवारा वर येईल तर शपथ. त्यानं सगळ्या टोप्या काढून धुतल्या, जाळ्या धुतल्या, पुन्हा बसवल्या. काही नाही. म्हणजे दोष वर नव्हता, खाली होता. आम्ही दोघं त्या लॉनकडे बघत उभे राहिलो. एवढं मोठं लॉन आणि त्यात कुठेतरी चार बोटं खाली एक झाकण.

"फोन कर," मी म्हटलं.

"बघू."

"बघू काय? एक वाक्य. पेटी कुठे पुरलीस?"

"इतक्या दिवसांनी एकदम पेटीचंच विचारायचं?"

"मग आधी हवापाण्याचं विचार!"

त्यानं पायानं गवत चाचपलं. मग म्हणाला, "तूपण विचारू नकोस हं, मधले." मी कशाला विचारतेय? माझा नियम माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी गेले तर हा लोखंडी सळई घेऊन लॉनमध्ये खुपसत होता. सळई खुपसायची, दगड लागला की खणायचं, दगड निघाला की पुन्हा बुजवायचं. असं रोज. हळूहळू बुजवणंही सोडलं. कुंपणाच्या कडेनं खड्डे, मधोमध खड्डे, न्हाणीघराच्या भिंतीलगत खड्डे. जे गवत खणण्यातून वाचलं ते पाण्यावाचून पिवळं पडलं. बादलीनं तो पाणी घालायचा, पण एवढ्या लॉनला बादली म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. मी दारातूनच सुरू व्हायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा! अरे, एक फोन! दादा मान खाली घालून खणत राहायचा आणि माझं बोलून झालं की चहा करायचा.

शेवटी मीच गळतीवाल्याला बोलावलं. आमच्या भागात नळ, टाक्या, फवारे सगळं तोच बघतो. त्याला गळतीवाला म्हणतात कारण कुठल्याही घरात शिरला की तो आधी छताकडे बघून म्हणतो, "गळतंय कुठेतरी." त्यानं खड्ड्यांकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांचं काही हरवलंय का?"

मी म्हटलं, "हो. अक्कल."

त्यानं टायमर उघडून वायरी तपासल्या. "वायर जिवंत आहे. व्हॉल्वच अडकलाय खाली. रबरी चकतीत खडा गेला असेल. पेटी सापडली की दहा मिनिटांचं काम." मग छाती फुगवून म्हणाला, "माझ्याकडे यंत्र आहे. इकडे वायरीला जोडायचं आणि लॉनवरून फिरायचं. पेटीवर आलो की शिट्टी मारतं. उद्या आणतो, एक खड्डा पडणार नाही." पुन्हा चहूकडे बघून म्हणाला, "म्हणजे, आणखी."

"नको," दादा म्हणाला.

"का हो?"

"आमचं आम्ही बघू."

मी इतकी चिडले की गळतीवाल्याला फाटकापर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही. त्या रविवारी धाकट्यानं विचारलं, गवत कसं आहे? मी म्हटलं, "तूच येऊन बघ." त्यानं फोन ठेवला. दादानं उलटा पेपर आणखी वर धरला. दोघांच्या मधे मी तो फोन हातात धरून बसले होते आणि मला दोघांचाही मनापासून कंटाळा आला होता. आणि दोघांची इतकी आठवण येत होती. समोर बसलेल्या माणसाचीसुद्धा आठवण येऊ शकते. उड्या मारत भिजणारा दादा मला हवा होता.

एका दुपारी मी गेले तर तो घरी नव्हता, बियांच्या दुकानात गेला होता. सळई भिंतीला टेकलेली. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, म्हटलं आज हा तमाशा संपवायचा. पदर खोचला आणि सळई उचलली. पण खुपसायची कुठे? सगळीकडे खणून झालेलं. उरली होती फक्त आईच्या खुर्चीभोवतीची जागा. तिथे त्यानं एकही खड्डा पाडला नव्हता. मला आधीही ते दिसलं होतं, पण वाटलं होतं, आईची जागा म्हणून हात लावला नसेल.

खुर्ची जड. मी ती ओढत बाजूला केली. खालचं गवत बघितलं आणि सळई टाकून खाली बसले. गवताचा एक चौकोन चाकूनं कापल्यासारखा सुटा होता, कडा वाळलेल्या. मी बोटं घालून उचलला तर अलगद वर आला, टोपलीवरचं फडकं उचलावं तसा. खाली हिरवं झाकण. त्यावर मातीचा कण नव्हता. कुणीतरी ओल्या कपड्यानं पुसलेलं होतं, कडेच्या खाचेसकट. असं पुसणारा माणूस आमच्या घरात एकच आहे.

दादा फाटकातून आला तेव्हा मी त्या झाकणाशेजारी मातीत बसलेली होते. त्याच्या हातात बियांची पिशवी. त्यानं मला बघितलं, सरकवलेली खुर्ची बघितली आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

"कधी सापडलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. सळई घातली आणि टक् झालं."

"पहिल्याच दिवशी!" माझा आवाज चौथ्या घरापर्यंत गेला असेल. "आणि मग हे काय? एवढं लॉन उलथंपालथं केलंस ते कशासाठी? व्यायाम म्हणून?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. झाकणाकडे बघत म्हणाला, "सापडलं म्हटलं असतं तर त्याला विचारायला काय उरलं असतं, मधले?"

मला जन्मात शब्दांची वाण पडली नाही. तेव्हा पडली.

"रोज वाटायचं, आज करीन," तो म्हणाला. "खणता खणता वाक्य जुळवायचो. अरे, मागचं सुरू होत नाही, पेटी कुठे आहे? एवढंच. पुढचं तो बोलला तर बोलेल. वाक्य जुळलं की वाटायचं, थोडं आणखी खणू. मग तू यायचीस, ओरडायचीस. मग चहाची वेळ व्हायची."

"आणि गळतीवाला?"

"त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं असतं ना."

मी त्याच्याकडे बघितलं. नखांत माती, कपाळावर मातीचा पट्टा, दाढी वाढलेली. इतके दिवस मी समजत होते की फोन करावा लागू नये म्हणून हा खणतोय. हा तर फोन करता यावा म्हणून खणत होता. मला त्याला दोन थपडा द्याव्याशा वाटल्या आणि पोटाशी धरावंसं वाटलं. त्यातलं मी काहीच केलं नाही. म्हटलं, "मग कर फोन."

"आता काय विचारू? आता माहीत आहे."

"माहीत असलं तरी विचार."

"माझे हात मातीचे आहेत."

"मी धरते."

त्याच्या खिशातून मी फोन काढला. नंबर मला शोधावा लागला नाही, त्यानं तो तोंडपाठ सांगितला. मी लावला, आवाज मोठा केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. रिंग वाजत राहिली. दादानं एकदा उठायचा प्रयत्न केला, मी दुसऱ्या हातानं त्याचा खांदा दाबून ठेवला.

"दादा?" पलीकडून धाकटा म्हणाला.

दादानं मातीचे हात गुडघ्यांवर पुसले. मग एकदम, पाठ केलेलं म्हणावं तसं, म्हणाला, "अरे, मागचं लॉन सुरू होत नाहीये. ती पेटी कुठे पुरलीस तेवढं सांग."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी डोळे मिटून घेतले.

"आईच्या खुर्चीखाली," धाकटा लगेच म्हणाला. त्याला आठवावंही लागलं नाही. "मी तो तुकडा सपाट केला ना, तेव्हापासून तिला तीच जागा आवडायला लागली. खुर्ची डुगडुगत नाही म्हणायची. मागचा उजवा पाय बरोबर झाकणावर येतो."

"हां. बरं."

"तू कुठे कुठे शोधलंस?"

"सगळीकडे."

"खणलंस?"

"थोडं."

मी डोळे उघडून त्या थोड्याकडे बघितलं. पलीकडे धाकट्यानंही हिशेब केला असावा. मग म्हणाला, "आणि खुर्चीखाली बघितलं नाहीस? सगळीकडे बघितलंस आणि तिथेच नाही?"

दादा नखांतली माती काढायला लागला.

"दादा, तुला सापडलंय."

"हो."

"मग फोन कशाला केलास?"

दादानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी पाढा अडला की बघायचा तसंच. मी नजर फिरवली. हे वाक्य त्याचं त्यानंच म्हणायचं होतं.

"तेव्हा केला नाही," दादा म्हणाला, "म्हणून."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो कुणीतरी बंद केला, तेही ऐकू आलं. दादा तसाच बसला होता. त्याच्या नाकावरून पाण्याचा थेंब झाकणावर पडला, आणि त्याही वेळी त्यानं तो बाहीनं पुसला.

"झाकण उघडलंस?" धाकट्यानं विचारलं.

"नाही. नुसतं पुसलंय."

"उघडू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी टाळीच वाजवली. "येतो म्हणाला!"

"तसं म्हणाला नाही."

"अरे, अर्थ तोच!"

"अर्थ तू लावलास. तो म्हणाला, उघडू नकोस." दादानं गवताचा चौकोन उचलला, झाकणावर नीट बसवला आणि हातानं कडा दाबल्या. मग आम्ही दोघांनी मिळून खुर्ची जागेवर ठेवली.

त्यानंतर दादानं सगळे खड्डे बुजवले, फळीनं माती सारखी केली आणि बी पेरलं. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो बादलीनं पाणी घालतो. पुढच्या नळापासून मागच्या कुंपणापर्यंत, वाकून, ओंजळीनं शिंपडत, कोवळे कोंब मोडू नयेत म्हणून. फवारे बाजूला कोरडे उभे. त्यांच्या टोप्या तो तरीही काढून धुतो. मी म्हणते, लांब पाइप विकत घे. तो म्हणतो, थोड्या दिवसांसाठी कशाला?

रविवारचे फोन चालू आहेत. येणार आहेस का, असं मी धाकट्याला विचारत नाही. नियम म्हणजे नियम, आणि खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटते. पण गेल्या रविवारी त्यानं गवताचं विचारलं नाही. जरा थांबला आणि म्हणाला, "दादा काय करतो, ताई?"

मी समोर पेपर धरून बसलेल्या माणसाकडे बघत सांगितलं, "बादलीनं पाणी घालतो."

"अजून?"

"अजून."

"हं," तो म्हणाला. दादानं पेपरचं पान उलटलं, पण वाचत नव्हता.

काल संध्याकाळी मी तिथेच पायरीवर बसले होते. गळतीवाला सायकलवरून चालला होता. त्यानं कुंपणावरून डोकावून दादाला बादलीसह बघितलं आणि त्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब, या वयात कंबर मोडून घ्याल! यंत्र आहे माझ्या पिशवीत. दहा मिनिटांचं काम आहे. येऊ का आत?"

"नको," दादा म्हणाला. "आमचा माणूस येणार आहे."

"कोण? बाहेरचा कुणी बोलावलाय?"

"घरचाच आहे."

"मग ठीक. कधी येणार?"

मी तयारच होते. दादा आता म्हणणार, येईल दोन दिवसांत, थोडंच राहिलंय, निघालाच आहे तो. आयुष्यभर त्यानं हेच सांगितलं, सगळ्यांना. आईलासुद्धा.

त्यानं बादली खाली ठेवली, कंबर सरळ केली.

"ते मला माहीत नाही," दादा म्हणाला.